आपलं म्हणायचं, पण चौकशी करून: बेने इस्राएल आणि रब्बीनेटचा वाद, १९६१–६४

फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च अधिकृत संस्थेने, विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना (धर्मगुरूंना) काही सूचना पाठवल्या. भारतातून आलेल्या बेने इस्राएल समाजातली व्यक्ती समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न नोंदवायला आली, तर तिची आई ज्यू होती का, आजी होती का, पणजी होती का, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन पाहावं. आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी फारकतीनंतर दुसरं लग्न केलं होतं का, निषिद्ध नात्यात सोयरीक झाली होती का, तेही विचारावं. शंका उरली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे द्यावं.

चारच महिने आधी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, याच रब्बीनेटने निकाल दिला होता की बेने इस्राएल हे ज्यूच आहेत आणि त्यांच्याशी सोयरीक करायला हरकत नाही. म्हणजे एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्या हाताने उंबऱ्यावर पहारेकरी बसवला. पुढची अडीच वर्षं समाज या पहारेकऱ्याशी भांडला.

दुरावलेल्या माणसांना धर्मात परत घेताना काय करावं आणि काय करू नये, याचं हे प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. इथे कोणी खलनायक नाही. रब्बींनी शास्त्र सोडलं नाही आणि समाजाने धर्म सोडला नाही. तरी माणसं दुखावली, आणि ती का दुखावली हे नीट समजून घ्यायला कोकणापासून सुरुवात करावी लागते.

नवगावपासून जुन्या मशिदीपर्यंत

समाजाची स्वतःची कथा अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. हे कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण पुढच्या कित्येक पिढ्या ही माणसं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत राहिली. आडनावं नवगावकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावांवरून पडली. घाण्यावर तेल काढणं हा मुख्य धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत.

त्यांच्याजवळ काय उरलं होतं? आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस), खाण्यापिण्याचे नियम आणि देव एकच असं सांगणारी शेमाची प्रार्थना. हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हता, सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ नव्हतं. सण होते, पण कोकणी नावांनी: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरडियाचा सण. दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी घराची दारं लावून उपास करायचा, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. का करायचं ते सांगणारा ग्रंथ हरवला होता, पण करायचं ते चुकलं नव्हतं. मक्का-मदिनेपेक्षाही दूरच्या एखाद्या देशात आपले भाऊबंद असतील, अशी कल्पनाही बहुतेकांना नसावी.

दूर देशांतल्या ज्यूंना मात्र त्यांची कुणकुण होती. इसवी सन १२०० च्या सुमारास थोर ज्यू धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीसने दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना पाठवलेल्या पत्रात हिंदमधल्या ज्यूंचा उल्लेख आहे: त्यांना लिखित तोरा (मूळ धर्मग्रंथ) देखील ठाऊक नाही, शब्बाथ पाळणं आणि आठव्या दिवशी सुंता करणं एवढंच ते जाणतात. हे बेने इस्राएलच की आणखी कोणी, ते ठामपणे सांगता येत नाही. वर्णन मात्र तंतोतंत जुळतं.

मग आला दाविद राहबी, बाहेरून आलेला एक ज्यू. त्याचा काळही वादग्रस्त आहे. काहींच्या मते हजार वर्षांपूर्वीचा, तर काहींच्या मते हा कोचीनच्या राहबी घराण्यातला अठराव्या शतकातला माणूस. त्याची गोष्ट मात्र समाजात घरोघरी माहीत आहे. ही माणसं खरंच ज्यू आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला केले. राहबीची खात्री पटली.

परीक्षा त्यानेही घेतली, हे नजरेआड करू नये. फरक पुढे आहे. त्याने एकदाच पाहिलं, तेही जे त्यांच्या हातात रोज होतं त्याच्यावरून, आणि मग प्रश्न मिटवला. पणजीची सोडचिठ्ठी मागितली नाही. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतली तीन माणसं निवडून शिकवली आणि त्यांना काझी केलं. सुंता, लग्न, मयत ही कामं पुढे पिढ्यानुपिढ्या हे काझी गावोगाव फिरून करत. ज्यांना परत आणायचं त्यांच्यातूनच शिक्षक तयार केले! शिकवायला आलेला माणूस निघून गेला तरी शिकवण राहिली, ती यामुळे.

मुंबईत १७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतले शमुएल इझिकेल दिवेकर यांनी शाआर हारहमीम हे समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि लोकलच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. कोचीनचे ज्यू येऊन प्रार्थना शिकवत. गंमत अशी की हिब्रू शिकवण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही हात होता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाचं मराठी पुस्तक काढलं. हेतू धर्मांतराचा होता. समाजाने हिब्रू घेतलं, बायबल मराठीतून वाचलं, आणि बहुतेक सगळे आपापल्या सिनेगॉगमध्ये परतले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या सणाला वाचायची पोथी, हग्गादा, मराठीत छापली गेली. १८७५ मध्ये हाईम शमुएल केहिमकरांच्या पुढाकाराने इस्रायली शाळा सुरू झाली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली.

म्हणून ‘परत येणं’ हा शब्द या समाजातल्या अनेकांना आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. आम्ही गेलोच नव्हतो तर परत कुठून येणार? हरवले ते ग्रंथ.

मुंबईतच त्यांना पहिला चटका बसला होता. बगदादी ज्यू व्यापारी एकोणिसाव्या शतकात इथे स्थिरावले. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये जात आणि त्यांच्याच दफनभूमीत आपले मृत पुरत. पैसा आणि प्रतिष्ठा वाढली, तशी बेने इस्राएलांच्या ज्यू असण्याबद्दल कुजबुज सुरू झाली. १८३६ मध्ये दफनभूमीत मधे भिंत घालून मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज गेला. मेल्यावरही शेजार नको! हे लक्षात ठेवायचं, कारण १९६२ मध्ये सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या परंपरेचे) मुख्य रब्बी होते यित्झाक निस्सीम, जन्माने बगदादचे. जुनाच पूर्वग्रह जेरूसलेमला पोचला, असं समाजात बोललं जाई. माझ्या मते हा निस्सीम यांच्यावर अन्याय होता, आणि तो कसा ते पुढे येईल.

दुसरं दारच नव्हतं

१९४८ च्या सुमारास भारतात साधारण २०,००० बेने इस्राएल होते. इस्राएलचं राज्य झालं आणि माणसं जाऊ लागली. भारतात त्यांना ज्यू म्हणून कोणी कधी छळलं नव्हतं, त्यामुळे हे पळून जाणं नव्हतं. श्रद्धा होती, आणि थोडी चांगल्या दिवसांची आशाही. वाट्याला आली बीरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशी गावं. मुंबईत रेल्वेत, गोदीत, सरकारी कचेरीत काम केलेली माणसं वाळवंटाच्या कडेला मजुरीला लागली. १९५१ मध्येच एका गटाने आम्हाला वर्णावरून वेगळं वागवलं जातं, आम्हाला परत पाठवा, म्हणून ठिय्या दिला. १९५२ मध्ये त्यांना मुंबईला आणलं गेलं. त्यातले बरेच जण काही वर्षांनी पुन्हा इस्राएलला गेले.

लग्नाचा तिढा याहून खोल होता. १९५३ च्या कायद्याने इस्राएलमधल्या ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. नोंदणी पद्धतीने लग्न करायची सोयच देशात नाही. मुंबईत एखाद्या बगदादी कुटुंबाने बेने इस्राएल जावई नाकारला तर तो त्या घराचा प्रश्न होता. इस्राएलमध्ये रब्बीने नाकारलं तर ते सरकारने नाकारल्यासारखं झालं. पन्नाशीच्या दशकात काही रब्बींनी अशी लग्नं लावायला नकार दिला आणि प्रकरण वरपर्यंत गेलं.

आता रब्बींची अडचण. ती खरी होती, आणि ती न सांगता त्यांना हटवादी म्हणणं सोपं आहे. ज्यू धर्मशास्त्रात विवाहित स्त्रीला नवऱ्याकडून रीतसर सोडचिठ्ठी मिळावी लागते. तिला ‘गेट’ म्हणतात आणि ती लिहिण्याचे नियम फार काटेकोर आहेत. गेट न घेता तिने दुसरा घरोबा केला तर त्या संबंधातलं मूल ‘मम्झेर’ ठरतं. ते सामान्य ज्यूशी लग्न करू शकत नाही, त्याची मुलंही नाहीत, त्यांची मुलंही नाहीत. तेव्हा प्रश्न असा निघाला: कोकणात शेकडो वर्षं रब्बी नव्हता, तर फारकती कशा होत होत्या? एखाद्या पणजीने नुसत्या पंचांसमोर नवरा सोडून दुसरं लग्न केलं असेल तर? शिवाय निपुत्रिक विधवेला दिराकडून मोकळं करून घेण्याचा विधी असतो, तोही तिथे कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

या शंकेला उत्तर कोकणातच होतं. आजूबाजूच्या अनेक जातींप्रमाणे या समाजातही विधवेने पुन्हा लग्न करणं प्रतिष्ठेचं मानत नसत, आणि फारकती अगदी विरळा. शेजाऱ्यांकडून उचललेली रीत, चांगली म्हणवत नाही, पण नेमकी तीच इथे त्यांच्या बाजूने साक्ष देत होती. दुसरी लग्नंच जवळपास होत नव्हती, तर सदोष सोडचिठ्ठीची संतती कुठून येणार? रब्बीनेटच्या समितीने हे सगळं तपासलं, आणि निस्सीम यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९६१ चा अनुकूल निर्णय झाला. म्हणून म्हटलं, की त्यांना पूर्वग्रहदूषित म्हणणं अन्यायाचं आहे. कडव्या मंडळींनी उलट त्यांच्यावर ढिलाईचा ठपका ठेवला. त्या दडपणाखाली फेब्रुवारीतल्या सूचना आल्या. निर्णय कायम, वर चौकशी.

मेख त्या चौकशीतच होती. जो समाज दुरावला तो कागद नसल्यामुळे दुरावला, आणि त्याला परत घेताना कागदच मागितले गेले. नवगावच्या तेल्याच्या बायकोची तीन पिढ्यांमागची वंशावळ कोण आणि कुठून आणणार? पोलंडहून किंवा मोरोक्कोहून आलेल्याला हा प्रश्न विचारायची सक्ती नव्हती. तिथेही रजिस्टरं जळली होती, माणसं परागंदा झाली होती. सूचनांत नाव एकाच समाजाचं होतं.

शास्त्रात काय नव्हतं?

मला सगळ्यात खटकतं ते हे, की माणसं जवळ करायला लागणारं सगळं त्याच परंपरेत होतं.

मायमोनिडीसने रब्बींची परंपरा न मानणाऱ्या कराईत पंथात जन्मलेल्यांबद्दल लिहिलं आहे. ज्यू जन्माला आला, पण परक्यांनी पळवून नेलेल्या मुलासारखा वाढला, त्याला दोष देऊ नये. त्याला शांततेच्या शब्दांनी जवळ ओढावं, तोरेकडे आणावं. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथात, स्पष्ट बजावलं आहे की पश्चात्ताप करून आलेल्याला त्याची पूर्वीची कृत्यं आठवून देऊ नयेत, तो शब्दांनी केलेला छळ होय. बेने इस्राएलांना तर पश्चात्ताप करण्यासारखं काही नव्हतं. त्यांना आठवून द्यायची होती ती पणजीची कृत्यं, तीही घडल्याचा पुरावा नसताना!

वंशावळीबद्दलही तालमुद उदार आहे. सगळी कुटुंबं निर्दोषच धरून चालावं, आणि जे कुटुंब मिसळून गेलं ते गेलं, उकरू नये. हे वचन रब्बीनेटला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण नियम ठाऊक असणं वेगळं, आणि समोर सावळ्या रंगाची, मराठी बोलणारी, साडी नेसलेली आई बसलेली असताना तो आठवणं वेगळं. रंगाचा मुद्दा सूचनांत कुठेही नव्हता. बीरशेबात राहणाऱ्याला तो वेगळा लिहून दाखवायची गरजही नव्हती.

समाजालाही एक गोष्ट विचारायला हवी. त्यांच्यात स्वतःतच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. काळे म्हणजे मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज, असं गोरे मानत. त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार नसे. आपल्या दारात आपणही पहारेकरी बसवला होता, हे जेरूसलेमच्या उन्हात बसलेल्या किती जणांच्या मनात आलं असेल? त्याने रब्बीनेटची बाजू बरोबर ठरत नाही. पण शुद्धतेची तपासणी वरून खाली कशी झिरपते, ते दिसतं.

जुलै–ऑगस्ट १९६४

अर्ज, शिष्टमंडळं, सभा यांत दोन वर्षं गेली. समाजाने कृती समिती काढली. जुलै १९६४ मध्ये गावोगावचे बेने इस्राएल, बायकामुलांसह, जेरूसलेमला आले आणि ज्यूंना इस्राएलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या इमारतीजवळ ठिय्या देऊन बसले. उपोषणं झाली. आठवड्यांमागून आठवडे गेले. भारतातून गेलेल्या माणसांना सत्याग्रह कसा करतात हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

त्यांची मागणी काय होती ते पाहण्यासारखं आहे. नोंदणी विवाहाचा हक्क त्यांनी मागितला नाही. रब्बींना बाजूला सारा, असंही ते म्हणाले नाहीत. लग्न रब्बीच लावणार, शास्त्राप्रमाणेच लागणार, फक्त आमच्या समाजाचं नाव त्या सूचनांतून काढा. धर्माबाहेर जायचं असतं तर सायप्रसला जाऊन लग्न करून येणं त्याहून सोपं होतं. पुढे कित्येक इस्राएली तेच करू लागले.

१७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटचं, म्हणजे इस्राएलच्या संसदेचं, खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी सरकारची भूमिका सांगितली: भारतातले बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, कोणतंही बंधन नाही, कोणताही फरक नाही, वैयक्तिक कायद्याच्या बाबतींतही त्यांचे हक्क इतर ज्यूंइतकेच. रब्बीनेटने समाजाच्या भावना लक्षात घेऊन मार्ग काढावा, असंही सांगण्यात आलं. मंत्र्यांना हलाखा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, बदलता येत नाही. देशाने कोणाची बाजू घेतली एवढं मात्र जगासमोर आलं.

महिनाअखेरीस रब्बीनेटने सूचनांचा मजकूर बदलला. ‘बेने इस्राएल’ हे शब्द गेले. त्या जागी, ज्याच्याबद्दल शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, अशा अर्थाचे शब्द आले.

हा विजय होता का? समाजाने तो मानला आणि घरी गेला. मी तो तीन-चतुर्थांश विजय म्हणेन. शंका एका समाजाच्या नावावर होती, ती व्यक्तीवर आली, आणि हा फरक लहान नाही. नाव लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्येक मूल संशयित म्हणून जन्माला येतं. नाव काढल्यावर शंका घेणाऱ्याला निदान कारण द्यावं लागतं. पण कोणाबद्दल शंका घ्यायची हे टेबलामागच्या रब्बीच्याच मर्जीवर राहिलं, आणि एखाद-दुसऱ्या गावचा रब्बी पुढेही आडवा येत राहिला.

राहबी आणि रब्बीनेट यांच्यातला फरक ज्ञानाचा नव्हता. रब्बीनेटकडे पोथ्या जास्त, माणसं जास्त, अधिकारही जास्त. क्रम उलटा होता. राहबीने आधी आपलं म्हटलं, मग शिकवलं, आणि शिकवायचं काम त्यांच्याच हाती दिलं. रब्बीनेटने आधी तपासायचं ठरवलं, आणि तपासणाऱ्यांत बेने इस्राएल कोणी नव्हता. नोंदणीच्या टेबलामागे या समाजाची गावं, आडनावं, लग्नाच्या रीती जाणणारा एखादा पेणकर किंवा झिराडकर असता, तर निम्मे प्रश्न विचारायचीच वेळ आली नसती.

वीस वर्षांनी हेच पुन्हा झालं. १९७३ मध्ये सेफार्दी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी इथिओपियाचे बेता इस्राएल हे ज्यू असल्याचा निर्वाळा दिला होता. १९८४–८५ मध्ये सुदानमार्गे ते हजारोंनी आले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की लग्नाआधी धर्मांतराचं प्रतीक म्हणून स्नानविधी करा. तुम्ही ज्यू आहातच, पण खात्रीसाठी. वाटेत सुदानच्या छावण्यांत आईबाप गमावलेल्या माणसांना हे सांगितलं गेलं. १९८५ च्या शरदात तेही जेरूसलेमला, मुख्य रब्बीनेटच्या कचेरीसमोर, महिनाभर ठिय्या देऊन बसले. बेने इस्राएलांचं प्रकरण रब्बीनेटच्याच कपाटात होतं. कोणी ते बाहेर काढून वाचल्याचं दिसत नाही.

नव्वदच्या दशकात सोव्हिएत देशांतून लाखो लोक आले, आणि शंका असलेली ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे मुख्यतः ते झाले. सत्तर वर्षं धर्म दडपून ठेवलेल्या देशातून आलेल्यांना आजीच्या लग्नाचा दाखला मागितला जाऊ लागला. बेने इस्राएलांची नातवंडं एव्हाना मोरोक्कन, इराकी, रुमानियन ज्यूंशी लग्नं करत होती, हळदी-मेंदीच्या कार्यक्रमासकट, आणि मलिद्याचं (गोड पोह्यांच्या प्रसादाचं) ताट एलियाहू हानावी या प्रेषिताच्या नावाने व्याह्यांपुढेही ठेवलं जात होतं.